कप्तानाच्या वहीतला ज्वालामुखी

हिंदी महासागर, दुपारचे बारा. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा अधिकारी सूर्याची उंची मोजून अक्षांश काढतो, बॅरोमीटर आणि थर्मामीटरवर नजर टाकतो, आकडे वहीत उतरवतो आणि वाऱ्याबद्दल दोन शब्द लिहितो. उद्या पुन्हा हेच. कंपनीला जहाजाचा आणि मालाचा चोख हिशेब हवा असे. पृथ्वीच्या तापमानाशी तिला काय देणंघेणं?

१७८९ ते १८३४ या काळातल्या अशा सुमारे ९०० वह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अभ्यासकांनी त्यांतले आकडे संगणकात भरले आणि हवामानाच्या तब्बल २ लाख ७३ हजार नोंदी हाती आल्या! एकाच वहीवर विसंबण्यात अर्थ नसतो. थर्मामीटर उबदार केबिनमध्ये टांगलेला असला, तर पारा वर दिसणारच. पण शेकडो जहाजांचे आकडे तारखेनुसार आणि ठिकाणानुसार शेजारी मांडले की एकेकाची चूक उघडी पडते आणि समुद्राचा खरा कल दिसू लागतो.

त्यात काय दिसलं? एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्यामुळे पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळा असा आलाच नाही, पिकं बुडाली. जग नेमकं किती थंड झालं, याचा अंदाज झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून बांधला जात होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जहाजांच्या पाऱ्याने उत्तर दिलं: साधारण अर्धा अंश सेल्सिअस. डेकवर उभ्या असलेल्या खलाशाला हा फरक जाणवणंही शक्य नव्हतं, तरी तो त्याच जहाजावरच्या वहीत उतरला होता.

मला त्याहून थक्क करतो तो १८०९ चा उद्रेक. तो कोणत्या डोंगराचा, हे अजून ठरलेलं नाही. दोन्ही ध्रुवांवरच्या बर्फात त्याचं गंधक सापडतं, हाच त्याचा मुख्य पुरावा. त्याचा गारवाही या वह्यांत आहे.

अशा कामात तुम्हीही हातभार लावू शकता. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ प्रकल्पात हजारो स्वयंसेवकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या वह्या घरबसल्या उतरवल्या. वाऱ्या-पावसाचे आकडे टिपता टिपता त्यांना १९१८ च्या इन्फ्लुएंझाने आजारी पडलेल्या खलाशांच्या नोंदीही सापडत गेल्या आणि त्याही त्यांनी टिपून ठेवल्या.