वाफेचा चटका : ज्येष्ठांच्या घरी घ्यावयाची काळजी

श्रावण-भाद्रपदात म्हसळ्यातील घरोघरी वाफेला मोठे काम असते. हळदीच्या पानांतील पातोळ्या, गणपतीचे उकडीचे मोदक आणि पावसाळी सर्दीवर वडीलधाऱ्यांसाठी वाफारा. तापलेल्या तेलाच्या कढईपाशी आपण जपून वावरतो. वाफेपाशी मात्र तितके सावध नसतो.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळू लागले की आच कितीही वाढवली तरी त्याचे तापमान वाढत नाही. ती उष्णता पाण्याची वाफ होण्यात खर्ची पडते व वाफेत दडून राहते. अठराव्या शतकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी अभ्यासलेला हाच अप्रकट उष्मा होय. एक ग्रॅम उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे ६३ कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होतानाच सुमारे ५४० कॅलरी देते आणि मग ते पाणी निवताना आणखी ६३. म्हणजे उष्णता साडेनऊपट! शिवाय खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरे धुके दिसते ते वाफेचे झालेले जलकण. म्हणून किटलीच्या तोंडाशी जी जागा मोकळी भासते, तीच सर्वांत धोक्याची.

वयपरत्वे त्वचा पातळ होते, हात मागे घेण्याची गती मंदावते. दीर्घकाळ मधुमेह असल्यास हातापायांची संवेदना कमी होऊन चटका उशिरा कळतो आणि जखमही लवकर भरत नाही.

कुकरचा दाब पूर्ण उतरल्याखेरीज झाकण उघडू नये. मोदकपात्राचे झाकण उचलताना त्याची पलीकडची कड आधी वर करावी, म्हणजे वाफ तोंडावर न येता दूर जाते. वाफाऱ्यात तर वाफेइतकेच भय गरम पाण्याचे पातेले कलंडण्याचे असते. पातेले मांडीवर किंवा अंथरुणावर ठेवू नये. ते स्थिर मेजावर असावे. चुलीवरून उतरवल्यावर काही मिनिटे थांबावे, वर जड गोधडी घेऊ नये आणि जवळ कोणीतरी बसावे. हात थरथरणाऱ्या किंवा चक्कर येणाऱ्या व्यक्तीस, तसेच लहान मुलांस, वाफारा देऊच नये. वाफाऱ्याने काहींना नाक मोकळे वाटते. पण सर्दी त्यामुळे लवकर बरी होते, असा ठोस पुरावा नाही.

भाजलेच तर बांगड्या, अंगठी व भिजलेले कपडे लगेच काढावेत. कापड त्वचेला चिकटले असल्यास ओढू नये. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. वृद्धांचे उर्वरित अंग मात्र उबदार राखावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. जखम स्वच्छ सुती कापडाने सैलसर झाकावी.

चेहरा, हात, पाय, सांधा किंवा जननेंद्रिये भाजली असतील, जखम रुग्णाच्या तळहाताहून मोठी असेल अथवा रुग्णास मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वाफ नाकातोंडात जाऊन आवाज घोगरा झाला किंवा श्वास अडू लागला, तर घरी वाट पाहू नये. घशातील सूज काही तासांनीही वाढू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी व रुग्णाला बसते ठेवावे.

हा क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, म्हणजे घरी एकट्या असलेल्या आजी-आजोबांनाही तो सहज वाचता येईल.