मिनिट्स कोण लिहिणार? ऑफिसातल्या न मोजल्या जाणाऱ्या कामांची गोष्ट

मीटिंग संपता संपता प्रश्न येतो, "मिनिट्स कोण लिहितंय?" सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालतात. मग कुणीतरी म्हणतं, "मी लिहिते." बहुतेक वेळा ते 'लिहिते'च असतं. निरोपाच्या भेटवस्तूसाठी वर्गणी काढणं, नव्या इंटर्नला सगळं समजावणं, दिवाळीची सजावट ही त्याच माळेतली कामं. ती कुणीतरी करावीच लागतात, पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यांना रकाना नसतो.

ही कामं बायकांकडेच का जातात, हे लिंडा बॅबकॉक, मारिया रिकाल्डे, लिझ व्हेस्टरलंड आणि लॉरी वाइनगार्ट या चार अभ्यासकांनी अमेरिकेत पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत तपासलं. तिघातिघांचे गट केले. दोन मिनिटांत तिघांपैकी एकाने संगणकावरचं बटण दाबायचं. दाबणाऱ्याला सव्वा डॉलर, इतर दोघांना दोन-दोन डॉलर. कुणीच दाबलं नाही, तर तिघांनाही एकेकच डॉलर. म्हणजे कुणीतरी दाबावं असं प्रत्येकाला वाटणार, फक्त आपल्याला दाबायला लागू नये.

निष्कर्ष २०१७ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आले. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत बायकांनी बटण दाबण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त होतं.

'बायकांचा स्वभावच मदतीचा' असं म्हणून हे सोडून देता येत नाही. कारण फक्त पुरुषांच्या गटात पुरुष निमूटपणे बटण दाबत होते आणि हा फरक नाहीसा झाला. समोर बाई आहे म्हटल्यावर ती करेल, हे सगळेच धरून चालत होते. पुढे गटातल्या कुणा एकाला विनंती करण्याचं काम चौथ्या व्यक्तीवर सोपवलं, तेव्हा बायकांना ४४ टक्के अधिक विनंत्या गेल्या. विनंती करणाऱ्या बायकाही यात मागे नव्हत्या. होकाराचं प्रमाण बायकांत ७६ टक्के, तर पुरुषांत ५१ टक्के होतं. हे आकडे भारतीय ऑफिसला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण चित्र अनोळखी वाटत नाही.

अशा वेळी मेंटॉरचा ठरलेला सल्ला असतो: "नाही म्हणायला शिक." तो अपुरा आहे. मॅडलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांच्या २००५ च्या अभ्यासात, सहकाऱ्याला मदत करणाऱ्या पुरुषाचं मूल्यमापन वधारलं, बाईचं नाही. उलट मदत नाकारल्यावर बाईचे गुण घसरले, पुरुषाचे नाही. त्यामुळे नकाराचं ओझंही तिच्यावरच टाकणं बरोबर नाही. सांभाळून घेण्याऐवजी मेंटॉरने तिच्या कामांची यादी एकदा नीट पाहावी. त्यातली किती कामं बढतीच्या वेळी मोजली जातील, हे विचारावं आणि उरलेली वाटून देण्याबद्दल वरिष्ठांशी स्वतः बोलावं.

मीटिंग घेणाऱ्याचं काम तर याहून सोपं आहे. "कोण करतंय?" हा प्रश्नच विचारायचा नाही. चिठ्ठ्या टाकायच्या किंवा पाळी लावून तक्ता भिंतीवर चिकटवायचा. पहिल्याच महिन्यात कुणीतरी गबाळी मिनिट्स लिहील आणि "जाऊ दे, तिलाच द्या, ती छान लिहिते" असं कुणीतरी सुचवेल. तेव्हा ती मिनिट्स त्याच्याकडूनच पुन्हा लिहून घ्यायची.