बाजाराचा वार विचारून निघा

माझी धाकटी बहीण लातूरला असते, तिचा मुलगा अमेरिकेत. गेल्या हिवाळ्यात तो मेक्सिकोतल्या सान क्रिस्तोबाल दे लास कासासला चार दिवस राहून आला. सुमारे बावीसशे मीटर उंचीवरचं हे गाव स्पॅनिश लोकांनी १५२८ मध्ये वसवलं. आसपासच्या खेड्यांत माया वंशाची माणसं राहतात, त्सोत्सिल आणि त्सेल्ताल या त्यांच्या भाषा. जवळच्या चामुला गावातल्या चर्चमध्ये कुणालाही फोटो काढू देत नाहीत, हे त्यानं दोनदा सांगितलं. मग विचारलं, "मावशी, आपल्याकडं असं गाव आहे का गं?"

"आहे की," मी म्हटलं. "चिखलदरा. तू ये, आपण तिघं जाऊ."

तेव्हापासून आम्हा दोघी बहिणींची फोनवर आखणी चालू आहे. नांदेड-लातूरकडून कुणी जाणार असेल तर त्यालाही ती उपयोगी पडेल.

चिखलदरा आहे मेळघाटात. तिथली कोरकू आदिवासी माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती लहानपणी, मीनाक्षी एक्स्प्रेसच्या खिडकीतून. ही छोट्या रुळांची गाडी नांदेडहून पूर्णा, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला आणि तिथून मेळघाटातून खंडव्याला जायची. धुळघाटला रूळ डोंगराभोवती वळसा घालून स्वतःवरूनच पार होत. पूर्णा ते अकोला मार्ग २००८ मध्ये मोठा झाला. अकोल्याच्या पुढची छोटी गाडी २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली आणि नव्या रुळांसाठी व्याघ्रप्रकल्पाबाहेरची वाट धरली. त्यामुळं आम्ही अकोल्यापर्यंत रेल्वेनं जाणार आणि पुढं अकोट, अंजनगाव, परतवाडा असा रस्ता. परतवाड्याहून घाट लागतो. लातूरकरांनी अहमदपूर, लोहा करत आधी नांदेड गाठावं. बहीण आदल्या रात्री माझ्याकडं मुक्कामाला येणार आहे.

चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. १८२३ मध्ये निजामाच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं ते शोधलं, असं सांगतात. निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी या डोंगरावर कसा आला, याचं उत्तर शेजारच्या गाविलगडावर मिळतं. हा गड पंधराव्या शतकात अहमदशहा बहामनीनं बांधला. आपली राजधानी उदगीरजवळच्या बीदरला नेणारा तोच. पुढं गड नागपूरकर भोसल्यांकडं होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला, आणि त्या युद्धानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाला मिळालं. म्हणजे काही दशकं नांदेडही निजामाचं आणि चिखलदराही निजामाचंच. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडं गेला. त्यांच्या काळात इथं बंगले उभे राहिले, कॉफीची लागवड झाली. आजही महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचं नाव निघतं.

पण रॉबिन्सननं शोधलं तेव्हा इथं कोरकू राहतच होते. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. त्यांची भाषा मराठीच्या गोतातली नाही, गोंडीच्याही नाही. ती झारखंडकडच्या संथाली-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेची. पाण्याला ते 'डा' म्हणतात. पाड्यातली घरं समोरासमोर दोन ओळींत, मधून सरळ रस्ता. मृतांच्या स्मरणार्थ ते सागाचा कोरीव खांब उभारतात, त्यावर चंद्र-सूर्य असतात. या खांबाला मुंडा म्हणतात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. कामासाठी दूर गेलेली माणसं त्या दिवसांत घरी परततात.

हे सगळं मला आधी ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा एका दिवसात देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल सगळं पाहिलं, संध्याकाळी घाट उतरले. एकाही कोरकू माणसाशी बोलले नाही. ही खंत अजून जात नाही. म्हणून या वेळी पॉइंटांची यादी न करता आम्ही आठवडी बाजारापासून सुरुवात केली आहे. आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारायचं, जवळच्या कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो. तो दिवस मधे धरून चार दिवसांची आखणी करायची. बाजारात कुटकी, मोहाची फुलं, बांबूच्या टोपल्या दिसतात. पैसेही थेट विकणाऱ्याच्या हातात पडतात. दिवाळीनंतर गेलात तर घुंगरू बाजाराची चौकशी जरूर करा. बासरी वाजवत, पायांत घुंगरं बांधून गुराखी तिथं नाचतात.

एक दिवस सेमाडोह-कोलकाससाठी ठेवा. मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ चा, देशातल्या पहिल्या काहींपैकी. सफारी आणि मुक्काम वनखात्याकडं आधीच नोंदवा, जंगलातला रस्ता दिवसाउजेडी पार करा. धारणीकडं लवादा इथलं संपूर्ण बांबू केंद्र आम्हाला पाहायचं आहे. पावसाळ्यात धुकं आणि धबधबे सुंदर, पण शनिवार-रविवारी वर गाड्यांची दाटी होते. मधल्या वारी जा. थंडीत शाल पुरत नाही, स्वेटर घ्या.

आणि फोटोचं. भाच्याला चामुलातला नियम कडक वाटला होता. बहीण त्याला म्हणाली, "यळवशीला आपल्या शेतात कोपीपुढं पांडव मांडलेत, माझ्या हातात आंबिलीचं मडकं आहे, आणि कुणी अनोळखी माणूस न विचारता माझा फोटो काढून गेला, तर तुला चालेल का?" तो गप्प झाला. यळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, वाटेनं जाणाऱ्यालाही आपण बोलावून जेवू घालतो. तो बसतो, जेवतो, पिकापाण्याची चौकशी करतो, म्हणून तो पाहुणा ठरतो. मेळघाटात आपण वाटेनं जाणारी माणसं आहोत. मुंड्यासमोर चपला काढून उभं राहावं. घराचा, लेकराचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नये. कुणी बसा म्हटलं तर घड्याळ न बघता बसावं.

भाचा कोरकूतले आकडे शिकायचं म्हणतो आहे. मी त्याला आधी 'डा' पाठ करायला सांगितलं आहे. कुणाच्याही दारात पहिल्यांदा मागावं असं तेच असतं. उद्या सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी फोन लावणार आहे. बाजाराचा वार कळला की तिकिटं काढू.