हॅम्स्टरचे निवासस्थान
पाळीव हॅम्स्टर ठेवण्यासाठी योजलेला पिंजरा, काचपेटी किंवा तत्सम बंदिस्त जागा. हॅम्स्टर हा कृंतक (कुरतडणाऱ्या) गणातील क्रायसेटिडी कुलाचा लहान सस्तन प्राणी आहे. पाळल्या जाणाऱ्या जातींपैकी सोनेरी अथवा सीरियन हॅम्स्टर (मेसोक्रायसेटस ऑरॅटस) ही सर्वांत परिचित आहे. उत्तर सीरिया व त्यालगतचा दक्षिण तुर्कस्तानचा भाग एवढाच तिचा नैसर्गिक प्रदेश होय. प्राणिशास्त्रज्ञ इझ्राएल आहारोनी यांनी १९३० मध्ये अलेप्पोनजीक एक मादी व तिची पिले पकडून जेरूसलेमला नेली. जगातील बहुतेक पाळीव सोनेरी हॅम्स्टर त्याच पिलांचे वंशज आहेत. या जातीचा बंदिवासाचा इतिहास अल्प असल्याने बीळ खणणे, अन्न साठविणे, रात्री दूरवर फिरणे व एकटे राहणे या मूळ सवयी तिच्यात टिकून आहेत. निवासस्थानाची निवड या सवयींवरून करावी लागते.

रानातील हॅम्स्टरच्या बिळाला उभे प्रवेशद्वार असून आत घरट्याची व धान्यसाठ्याची जागा असते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका क्षेत्रीय पाहणीत अशा बिळांची सरासरी खोली सु. ६५ सेंमी. आढळली, तसेच एका बिळात एकच प्रौढ प्राणी राहत असल्याचे दिसून आले. म्हणून दोन प्रौढ सोनेरी हॅम्स्टर एकत्र ठेवू नयेत. त्यांच्यात प्राणघातक मारामारी होते.

आकारमान : पाहणाऱ्यास प्रशस्त वाटणारा उंच, अनेक मजली पिंजरा हॅम्स्टरला सोयीचा नसतो. त्याची दृष्टी मंद असून उंचावरून पडल्यास अस्थिभंग होण्याचा संभव असतो. त्याला सलग तळ अधिक उपयोगी पडतो. जर्मनीतील प्राणिसंरक्षणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने किमान १०० सेंमी. लांब, ५० सेंमी. रुंद व ५० सेंमी. उंच जागेची शिफारस केली आहे. बाजारात मिळणारे अनेक रंगीत पिंजरे यापेक्षा पुष्कळच लहान असतात.

अंथरणाचा थर : तळावर लाकडाचा धूळविरहित भुसा किंवा कागदाचे कपटे यांचा जाड थर पसरतात, त्यात वाळलेले गवत मिसळल्यास बोगदे ढासळत नाहीत. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा वापरू नये. घरट्यासाठी कापूसही देऊ नये, कारण त्याचे तंतू पायांना गुंडाळले जातात. १०, ४० व ८० सेंमी. जाडीच्या थरांवर ठेवलेल्या हॅम्स्टरांचा तुलनात्मक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १० सेंमी. थरावरील प्राणी पिंजऱ्याच्या तारा लक्षणीय प्रमाणात अधिक कुरतडत होते, तर ८० सेंमी. थरावर हे वर्तन आढळले नाही. तारा कुरतडणे ही केवळ खोड नसून अपुऱ्या निवासाचे लक्षण ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

प्रकार : तारेच्या पिंजऱ्यात हवा चांगली खेळते, परंतु तळाची कड बुटकी असल्याने जाड थर मावत नाही. जाळीचे झाकण असलेल्या रुंद काचपेटीत तो मावतो. नळ्या जोडून केलेल्या प्लॅस्टिकच्या घरात हवा कोंडते व मूत्राचा ओलावा साचतो.

इतर सोयी : पळण्याचे चाक सलग पृष्ठाचे व सु. २८ ते ३० सेंमी. व्यासाचे असावे, लहान चाकात पाठ वाकते व आडव्या दांड्यांत पाय अडकतात. लपण्यासाठी लाकडी खोके, अंग घासण्यासाठी वाळूचे भांडे, कुरतडण्यासाठी लाकूड व पाण्याची सोय आवश्यक असते.

जागा व स्वच्छता : हॅम्स्टर मुख्यतः निशाचर असल्याने निवासस्थान दिवसा शांत असणाऱ्या खोलीत ठेवतात. १८° ते २४° से. तापमान त्यास मानवते. कडक थंडीत तो सुप्तावस्थेत जातो, तर तीव्र उष्णतेत दगावतो. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात काचपेटी उन्हापासून कटाक्षाने दूर ठेवावी लागते. मूत्राने ओला झालेला भाग नियमितपणे काढावा. मात्र सर्व अंथरण एकाच वेळी बदलू नये, कारण स्वतःचा गंध व अन्नसाठा नाहीसा झाल्यास प्राणी अस्वस्थ होतो.