वेल तीच आहे ना?

बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूर भागात, औराद-कमलनगरच्या या मराठी-कानडी मुलखात, गुळवेल शोधायला रानात जावे लागत नाही. बांधावरच्या कडुनिंबावर ती चढलेली असते. कानडीत तिला अमृतबळ्ळी म्हणतात. ताप हटत नसला की बोटभर जाडीचे खोड ठेचून त्याचा काढा करायचा आणि शक्यतो कडुनिंबावरचीच वेल घ्यायची, ही रीत सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. जाणकार हीच खोडे कुटून पाण्यात भिजवतात, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात आणि त्याचे गुळवेल सत्त्व करतात.

वेल मोठी चिवट. मुळाशी तोडली तरी वर राहिलेले खोड दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली सोडते आणि जमीन गाठून पुन्हा जगते. खोड आडवे कापले की आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. वनस्पतिशास्त्रात ही टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची अगदी जवळची नातलग टिनोस्पोरा सायनेन्सिस दक्षिण चीनमध्ये ‘क्वान जिन थंग’ नावाने सांधेदुखीवर आणि आखडलेल्या स्नायूंवर देतात. ती भारतातही उगवते, पण तिच्या पानांवर मऊ लव असते.

गुळवेलीच्याच कुळातली आणखी एक चिनी वेल म्हणजे स्टेफानिया टेट्रांड्रा. तिच्या मुळ्या ‘हान फांग ची’ म्हणून विकल्या जातात आणि सूज व संधिवात यांवर वापरतात. तिच्यातले टेट्रांड्रीन हे द्रव्य चीनमध्ये सिलिकोसिस या फुप्फुसांच्या विकारावर देतात. इबोलाच्या विषाणूला ते पेशीत शिरताना अडवते आणि उंदरांना वाचवते, असे 2015 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एवढ्या गुणाच्या वेलीच्या नावावर जे घडले, ते मात्र भयंकर होते.

1990 मध्ये ब्रुसेल्समधल्या वजन घटवण्याच्या एका दवाखान्याने आपल्या औषधांत दोन चिनी वनस्पतींची भर घातली. त्यांतली एक स्टेफानिया असायला हवी होती. प्रत्यक्षात पुड्यांत आली ‘ग्वांग फांग ची’, म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची या अगदी वेगळ्या कुळातल्या वेलीची मुळी. बाजारातले नाव जवळपास सारखे, सुकलेली मुळीही चटकन ओळखू येणारी नव्हे. काही काळाने तरुण स्त्रिया मूत्रपिंडे निकामी झालेल्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. व्हॅनहरवेगेम आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये ‘लॅन्सेट’मधून हे जगापुढे मांडले. पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली. 2000 मध्ये अशा 39 रुग्णांच्या काढून टाकलेल्या मूत्रपिंडांची व मूत्रवाहिन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा 18 जणांत कर्करोग आढळला.

दोषी होते ॲरिस्टोलोकिक आम्ल. शरीरात त्याचे रूपांतर होऊन ते थेट डीएनएला चिकटते आणि तिथे ठरावीक खूण सोडते. बाल्कन देशांतल्या काही गावांत पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा मूत्रपिंडाचा विकारही याच आम्लाने होतो, हे या खुणेवरून उलगडले. तिथे गव्हाच्या शेतातल्या ॲरिस्टोलोकियाचे बी धान्यात मिसळून भाकरीतून पोटात जात होते. चीनने 2004 मध्ये ग्वांग फांग चीवर बंदी घातली.

ही गोष्ट बेल्जियमची म्हणून सोडून देता येत नाही. सापावरचे औषध म्हणून ज्ञात असलेली ईश्वरी आणि काळ्या जमिनीत तणासारखी पसरणारी किडामारी, या दोन्ही ॲरिस्टोलोकियाच आहेत. त्यांचा रस किंवा काढा पोटात घेऊ नये, हे इथे ठासून सांगायला हवे.

गुळवेलीवरही प्रश्न आले. करोनाच्या काळात घरोघर काढे उकळू लागले. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे तिथल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवले. पुढच्या अभ्यासात देशातल्या 13 केंद्रांवरचे 43 रुग्ण होते. आयुष मंत्रालयाने गुळवेलीचा दोष मान्य केला नाही. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे. क्रिस्पाचे खोड करडे आणि बारीक गाठींचे, कापल्यावर पांढरा चीक येतो, फळे लांबट व नारिंगी. गुळवेलीचे खोड हिरवट, चीक नाही, फळे गोल व लाल.

ओळख चुकणे शक्य आहे, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. यकृततज्ज्ञांच्या मते गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि ज्यांच्या शरीरात ऑटोइम्यून विकार आधीच दबा धरून आहे त्यांच्यात तो उसळू शकतो. रुग्णांच्या नोंदी पाहता हे म्हणणे गांभीर्याने घ्यावे असेच आहे. ज्या गुणासाठी वेल हवीशी वाटते, तोच काहींना बाधतो.

म्हणून वेल तोडण्याआधी खोड, चीक आणि फळ पाहा. शंका असेल तर फांदी जवळच्या आयुर्वेद किंवा कृषी महाविद्यालयात दाखवा. तयार चूर्ण घेताना डबीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे का, ते वाचा. यकृताचा, थायरॉईडचा किंवा ऑटोइम्यून संधिवाताचा त्रास असेल तर वैद्याला विचारल्याशिवाय महिनोन्‌महिने काढा घेऊ नका. डोळे पिवळे दिसू लागले तर काढा त्याच दिवशी थांबवा, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर तो घेत होतो हे आवर्जून सांगा.