नवरा इथला, बायको तिथली : म्हातारपण कुठे काढावे?

कोकणातली माणसे फार वर्षांपासून बोटीवर जातात. त्यातले काही विलायतेत उतरले. तिथे कारखान्यात लागले. तिथल्याच मुलीशी लग्न केले आणि संसार थाटला. आता त्यांचे केस पांढरे झाले. नोकरी संपत आली. मग मन गावाकडे ओढ घेते. वाटते, आता आपल्या अंगणात बसावे, आपल्या विहिरीचे पाणी प्यावे.

विचार चांगला आहे. पण घर बांधण्याआधी पाया खणावा लागतो. तसेच या विचाराचेही आहे. नवरा एका देशाचा आणि बायको दुसऱ्या देशाची असली की दोन सरकारांचे कायदे लागतात. ते आधी समजून घेऊ या.

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातले एक बापू आहेत. तीस वर्षे ते इंग्लंडात राहिले, पण पासपोर्ट भारताचाच ठेवला. त्यांची बायको इंग्लंडची. गावात सगळे तिला वहिनी म्हणतात. दोघांना आता गावी यायचे आहे.

वहिनींना गावात राहता येईल का?

येईल. पण नुसते लग्न झाले म्हणून नाही. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला इथे कायमचे राहता येत नाही. त्यासाठी वहिनींनी ओसीआय कार्ड काढावे. भारतीय माणसाच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला हे कार्ड मिळू शकते. त्याला अट आहे. लग्न नोंदलेले हवे आणि अर्ज करण्याआधी ते सलग दोन वर्षे टिकलेले हवे. म्हणून लग्नाचा दाखला जपून ठेवा. तो हरवला तर सगळे अडते.

हे कार्ड म्हणजे जन्मभराचा व्हिसा. त्यावर कितीही वेळा यावे, कितीही दिवस राहावे. पण कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. वहिनींना मत देता येणार नाही. पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहता येणार नाही. शेतजमीन विकत घेता येणार नाही. घटस्फोट झाला तर कार्डही जाते. आणि वहिनींनी नवा पासपोर्ट काढला, की तीन महिन्यांच्या आत तो कार्डाच्या नोंदीत कळवावा लागतो.

भारताचे नागरिकत्वच हवे असेल तर? नागरिकाशी लग्न झालेल्या माणसाने इथे सात वर्षे राहून अर्ज करता येतो. पण मग इंग्लंडचे नागरिकत्व सोडावे लागते. आपला देश दोन नागरिकत्वे मानत नाही. हाच नियम बापूंनाही आहे. त्यांनी इंग्लंडचे नागरिकत्व घेतले असते तर भारताचे गेले असते. मग त्यांनाही हेच कार्ड काढावे लागले असते.

बापूंना परत जाता येईल का?

इथे पुष्कळ लोक फसतात. बापूंना इंग्लंडात कायम राहण्याची परवानगी आहे. त्यांना वाटते, ती जन्माची आहे. तसे नाही. सलग दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ते इंग्लंडबाहेर राहिले, तर ही परवानगी जाते. पुढे वहिनींची आई आजारी पडली आणि दोघांना तिकडे राहायला जायचे झाले, तर वहिनी विमानात बसतील. बापूंना मात्र आधी अर्ज करून व्हिसा मिळवावा लागेल. अशा वेळी ताटातूट होऊ नये म्हणून हा विचार निघण्याआधी करावा.

पेन्शनचे काय?

इंग्लंडचे सरकारी पेन्शन भारतात राहूनही मिळते. त्यासाठी तिथे निदान दहा वर्षांची वर्गणी भरलेली असावी लागते. पण एक खोच आहे. तिथे राहणाऱ्यांचे पेन्शन दरवर्षी वाढते. भारतात राहणाऱ्यांचे वाढत नाही. पहिल्या दिवशी जेवढे पौंड, तेवढेच वीस वर्षांनंतर. इकडे मात्र तेल, डाळ, औषध यांचे भाव वाढत राहतात. म्हणून सगळा भार पेन्शनवर टाकू नका. काही शिल्लक वेगळी ठेवा.

दवाखान्याचाही विचार करा. इंग्लंडचा मोफत सरकारी दवाखाना तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. कायमचे इकडे आल्यावर त्याच्यावर हक्क सांगता येत नाही. आजारपणाची सोय इथेच करावी लागते.

कर कुणाला भरायचा?

आपले कराचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, इंग्लंडचे ६ एप्रिलला. आपल्या वर्षात १८२ दिवस किंवा जास्त इथे राहिले, की माणूस कराच्या हिशेबात इथला रहिवासी ठरतो. पासपोर्ट कुठला हे इथे पाहत नाहीत. म्हणजे वहिनीही इथल्या रहिवासी ठरतात.

बरीच वर्षे बाहेर काढून आलेल्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षे सवलत मिळू शकते. तेवढ्या काळात परदेशातल्या मिळकतीवर इथे सहसा कर लागत नाही. पुढे मात्र सगळ्या जगातली मिळकत इथे दाखवावी लागते.

मग एकाच पैशावर दोनदा कर द्यायचा की काय? नाही. दोन्ही देशांनी १९९३ साली करार केला आहे. खाजगी नोकरीचे पेन्शन आणि म्हातारपणाचे सरकारी पेन्शन यांवर, माणूस जिथला रहिवासी असेल तिथेच कर लागतो. त्यासाठी इथल्या आयकर खात्याकडून रहिवासाचा दाखला घ्यावा आणि तिकडच्या कर खात्याला पाठवावा. तिकडे घर भाड्याने दिले असेल तर भाड्यावर तिकडे कर लागतो. ते भाडे इथेही दाखवावे लागते, पण तिकडे भरलेला कर इथल्या करातून वजा होतो.

तिकडचे बँक खाते लपवू नका. सवलतीचा काळ संपल्यावर तिकडची खाती आणि मालमत्ता विवरणपत्रात लिहावी लागते. न लिहिल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथल्या बँकेतही कळवा, की आम्ही आता कायमचे आलो. परदेशी राहणाऱ्यांचे खाते मग साध्या खात्यात बदलावे लागते.

बापूंच्या मागे वहिनींचे काय?

हे बोलायला जड वाटते, पण बोलावे. घर आणि सातबारा बापूंच्या नावाचा. उद्या बापू गेले आणि भाऊबंद म्हणाले, "ही परकी बाई," तर वहिनींनी कुठे जावे? ओसीआय कार्ड असणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने मिळू शकते. म्हणून बापूंनी धडधाकट असतानाच मृत्युपत्र करावे. ते लेखी असावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. चांगल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. त्याला लागणारे पैसे वाया जात नाहीत.

तुमच्या घरातले कुणी असे परदेशी असेल, तर त्याला पत्र लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. लिहा, "ये, पण कागद नीट करून ये. आणि वहिनीलाही हे सगळे समजावून सांग. म्हातारपण तिचेही आहे."