निम्मे इंधन म्हणजे निम्मी वाट नव्हे

मरोद्याच्या लोकांना विमान पकडायचे तर रायपूरजवळच्या माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावर जावे लागते. तिथून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ९५५ किलोमीटर आहे. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर हे अंतर ७२ मिनिटांत संपायला हवे. वेळापत्रकात मात्र पावणेदोन-दोन तास असतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करून उतरणे यांत बराच वेळ जातो. हे सगळे बाजूला ठेवले तरी जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. त्याचे कारण वारा.

शिवनाथ नदीत नाव प्रवाहाबरोबर सोडली तर झपाट्याने जाते, उलट वल्हवली तर रेंगाळते. विमानाचेही तसेच. ८०० हा त्याचा हवेतला वेग आहे. हवाच सरकत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलतो. हिवाळ्यात आपल्याकडे दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो.

समजा, हा वारा ताशी १०० किलोमीटरचा आहे. मुंबईहून रायपूरला येताना वेग ९०० होतो आणि ६४ मिनिटे लागतात. रायपूरहून मुंबईला जाताना वेग ७०० उरतो आणि ८२ मिनिटे लागतात. एकूण १४६ मिनिटे. वारा नसता तर १४४ लागली असती. येताना मिळालेला फायदा जातानाचा तोटा भरून काढत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते.

वारा ओळखून वाट निवडली तर तो कामाला येतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर हजाराहून अधिक किलोमीटरने वाढले, तरी पाठीमागच्या वाऱ्यामुळे सुमारे दोन तास वाचले.

दोन मिनिटांचा फरक किरकोळ वाटतो. पण समुद्रावर शोधकार्याला निघालेले विमान घ्या. इंधन ४ तासांचे, वेग तोच, जाताना वारा पाठीमागून. निम्मे इंधन संपल्यावर, म्हणजे २ तासांनी वैमानिक वळला, तर तो १८०० किलोमीटर दूर असेल. उरलेल्या २ तासांत तो १४०० किलोमीटरच परत येईल. तळ ४०० किलोमीटर दूर आणि टाकी रिकामी!

वळण्याची वेळ काढायचे सूत्र सोपे आहे : एकूण वेळ गुणिले परतीचा वेग, भागिले दोन्ही वेगांची बेरीज. ४ × ७०० ÷ १६०० = १.७५. म्हणजे १ तास ४५ मिनिटांनी, १५७५ किलोमीटरवर वळायलाच हवे. याला वैमानिक 'पॉइंट ऑफ नो रिटर्न' म्हणतात. राखीव इंधन धरले तर हा बिंदू आणखी अलीकडे येतो.

एनडीएची तयारी करणाऱ्या मित्रांनी वाऱ्याचा वेग ५० आणि १५० धरून हे गणित करून पाहावे. दोन्ही वेळा उत्तर २ तासांच्या आतच येते.